आगीनओळीचा राखणदार

सांगवी, तालुके शिरपूर, पश्चिम खानदेश
चैत्र वद्य दशमी, शके १८५८, गुरुवार

तीर्थरूप भाऊ यांच्या चरणी धाकट्या झुलालचा नमस्कार. सौ. सुंदरवहिनींनाही नमस्कार.

कमल माझ्या घरी आहे आणि खुशाल आहे. काल सकाळी छगन गाडीवानाला शिरपूरला पिटाळून तार करवली, ती मिळाली असेलच. तारेत फार लिहिता येत नाही, म्हणून पुढचे चार शब्द आधी वहिनींना वाचून दाखवा. पोरीचे हातपाय धड आहेत. ताप नाही. केसांची टोके थोडी होरपळली होती, ती सौ. कुंदाने कातरून टाकली. दोन्ही तळपायांना फोड आले आहेत. शिरपूरच्या दवाखान्यातले कंपाउंडर काल दुपारी येऊन मलम लावून गेले. पाच-सहा दिवस चालायचे नाही म्हणाले. त्यामुळे ती चालत नाही, कुंदाच्या कडेवर बसून घरभर हिंडते. दहा वर्षांची पोर कडेवर घेऊन कुंदाची कंबर धरली असेल, पण ती तसे म्हणत नाही. आमच्या घरात कडेवर घ्यायला कुणी नव्हते, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

आज सकाळी कमलने दीड भाकरी आणि वाटीभर शेंगदाण्याची चटणी खाल्ली. वर ‘आईची चटणी जास्त तिखट असते’ असा शेराही मारला. कुंदा दुपारी चार मिरच्या जास्त घालून पुन्हा वाटायला बसली. तेव्हा वहिनींना म्हणावे, काळजी सोडा.

इकडे ऊन कडक आहे. शाळेची परीक्षा सोमवारी संपली. चौथीतली नऊ पोरे बसली होती, सात पास झाली. विहिरीचे पाणी बरेच खाली गेले आहे. मोह गळून संपत आला. तुमच्या कापसाच्या जिनातली मुकादमी हंगाम संपल्यामुळे आता जरा हलकी झाली असेल.

आता ती इथवर कशी आली ते लिहितो. कुणी फूस लावली नाही, पळवली नाही. तिने वहिनींना सांगितले होते की मैत्रिणीकडे गौराईची गाणी म्हणायला जाते. ती तुमच्या देवपुरातून पूल ओलांडून गेली ती थेट मोटारींच्या अड्ड्यावर. तिथे पानबाई नावाची एक मारवाडी बाई पाच मुले घेऊन शिरपूरला लग्नाला निघाली होती. आपली कमल त्या पाचांत सहावी होऊन बसली. ड्रायव्हरला वाटले, ही बाईंची. बाईंना वाटले, ही ड्रायव्हरची, म्हणून नरडाण्याला त्यांनी तिला एक लाडूही दिला. शिरपूरला उतरून हिने गाड्यांच्या तळावर सांगवीची गाडी कोणती म्हणून विचारले. छगन सरकी घेऊन परत निघाला होता. त्याने विचारले, कुणाची तू, कुठे चाललीस. तर म्हणाली, “झुलाल मास्तरांची पुतणी. अखजीला काकांना न्यायला आले. मी मुराळी आहे.”

छगन सगळ्या वाटेने हसत आला. अक्षय्य तृतीयेला, अखजीसाठी, लेकीबाळींना माहेरी आणायला निघालेले गावोगावचे मुराळी त्याच्या गाडीत बसले आहेत, पण काकाला आणायला निघालेली मुराळी त्याने जन्मात पाहिली नव्हती.

तिला मी नंतर विचारले, हे तुझ्या डोक्यात आले कसे. तर म्हणाली, अखजीला सगळ्यांना आणतात, शेजारच्या सूरजबाईंनासुद्धा दोन दिवसांची वाट करून भाऊ न्यायला येतो, मग काकांनाच का आणत नाही, असे ती दरवर्षी तुम्हाला विचारते. आणि तुम्ही दरवर्षी एकच उत्तर देता. काकाला जागा सोडता येत नाही. तो आगीनओळीचा राखणदार आहे. त्याने पाठ फिरवली तर खापर उठेल.

भाऊ, तुम्ही तिला आगीनओळ सांगितलीत.

तिला सगळे पाठ आहे. शिरपूरच्या आपल्या घराच्या धाब्यावर फाल्गुनात निजायला गेलो की उत्तरेला सातपुड्यावर वणव्यांच्या माळा दिसायच्या. त्या वणव्यांचा तुम्ही आगीनओळ नावाचा अख्खा मुलूख केलात. आपण दोघांनी आग पाहिली होती ती आईच्या चुलीतली, म्हणून डोंगरांची नावेही तिथलीच. धूर सोडणारा तो फुंकणी. एकावर एक माथे रचलेला तो उतरंड. आणि सगळ्यांत मोठा, पालथ्या खापरासारखा गोल, खालून लाल तापलेला, तो खापर. त्याच्या अंगावरून वितळलेला दगड काकवीसारखा उतरायचा. तिथली माणसे शेतातून हुरडा भाजलेलाच काढत. डोंगर सात होते आणि सातही जिवंत. माणूस पळाला की डोंगर उठून त्याच्या मागे लागणार, हा त्या मुलखाचा कायदा. वाचायची एकच जागा, काळी भुई, म्हणजे जिथे आग येऊन गेली आहे ती. तिथे उभे राहायचे, आग दोन्ही बाजूंनी निघून जाते. हे तुम्हाला डोंगरातल्या एका पावऱ्या म्हाताऱ्याने सांगितले होते, खऱ्या वणव्याबद्दल. ते तुम्ही गोष्टीत घेतलेत.

पुढे ट्रेनिंगला असताना भूगोलाच्या पुस्तकात वाचले की असे डोंगर खरेच असतात, आणि आपल्या खानदेशाच्या मातीखालचा काळा दगड हाही कधीकाळी असाच वितळून वाहिलेला रस आहे. तेव्हा तुम्हाला कार्ड टाकावेसे वाटले होते. कार्ड आणलेही. टाकले नाही.

मंगळवारचे सांगतो. छगनने दिवस कलायच्या सुमारास तिला फाट्यावर उतरवले, ‘ते कौलारू घर मास्तरचे’ म्हणून बोट दाखवले आणि बैलांना पाणी पाजायला गेला. छगनवर रागावू नका. घर शंभर पावलांवर होते. पण कमलने घराकडे पाहिले आणि तिच्या मनात आले की संध्याकाळी राखणदार कामावर असणार, घरी कसा सापडेल? समोर डोंगराला आग लागलेली दिसत होती. तिच्या अलीकडे एक सुटी गोल टेकडी आहे, तिला इथे काही नाव नाही. कमलने पिशवीतून आगीनओळीचा नकाशा काढून पाहिला. त्यात खापराच्या पायथ्याशी राखणदार उभा होता. ती तिकडे चालू लागली.

मी ओसरीवर पेपर बांधत होतो. छगन बैल सोडून तंबाखू मागायला आला आणि सहज म्हणाला, “मास्तर, तुमनी पुतनी पोचनी ना घर?”

कुठली पुतणी, असे मी विचारले तेव्हा त्याच्या हातातली तंबाखूची चिमूट खाली पडली. त्याने दोन वाक्यांत सांगितले आणि आम्ही दोघे धावत सुटलो. वाटेत एका गुराख्याने सांगितले की पिशवी घेतलेली एक पोरगी टेकडीकडे गेली, हाक मारली तर तिने नुसता हात हलवला. या दिवसांत मोहाखालचे गवत जाळतात. वारा फिरला की ते कुणाच्या हातात राहत नाही. मंगळवारी वारा फिरला होता.

टेकडीच्या पोटाशी कमरेएवढे गवत आहे. आम्ही पोचलो तेव्हा ते पेटत खाली येत होते. मधे लाल पट्टा, त्याच्यापलीकडे धूर, आणि धुरात काही दिसत नव्हते. छगनने डोक्याचे मुंडासे सोडून ओढ्यात भिजवले, अर्धे फाडून मला दिले आणि तो एका बाजूने जागा शोधायला गेला. मी मधे उभा होतो. गवत फार नव्हते तिथे, आग गुडघ्याएवढीच होती. उडी मारून जाता आले असते.

मी गेलो नाही.

तुम्हाला खोटे लिहायचे नाही असे ठरवून बसलो आहे म्हणून लिहितो. मी दोन पावले मागे आलो. एकोणतीस वर्षांत काही बदलले नव्हते. छगन लांबून ओरडला, “मास्तर, उभा काय ऱ्हायनात?” मी तिसरे पाऊल मागे टाकले.

तेवढ्यात धुरातून पोरीचा आवाज आला. रडका नव्हता. शाळेत हजेरी घेताना मी ज्या आवाजात बोलतो तसा, चढा आणि सरळ.

“पळू नका. काळ्यावर या.”

तिला मी कोण हे ठाऊक नव्हते. आगीच्या कडेला कुणी माणूस मागे सरकताना दिसला, म्हणून ती त्याला गोष्टीतले वाक्य सांगत होती. पण भाऊ, ते वाक्य त्या आवाजात मी एकदा ऐकले आहे. शब्दही हेच होते. त्या वेळी मी त्या आवाजाकडे गेलो नाही.

या वेळी गेलो. कसा गेलो ते आठवत नाही; छगन सांगतो की मी उडी न मारता नुसता चालत गेलो, म्हणून धोतराचा काठ जळला. पलीकडे जळून काळे झालेले एक आवार होते, खळ्याएवढे. त्याच्या मधोमध कमल उभी होती, ओढणी नाकावर धरून, पिशवी डोक्यावर. पायाखालची राख अजून गरम होती, म्हणून ती एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभी राहत होती. मी तिला उचलले. आग दोन्ही बाजूंनी खाली निघून गेली, जशी जायला हवी तशी.

तिने माझ्या तोंडाकडे पाहिले. मग विचारले, “तुम्ही झुलाल काका ना? राखणदार ना? मग बाहेर काय करत होतात?”

मी म्हणालो, उशीर झाला.

छगनने गाडी जोडून आणली आणि सरकीच्या पोत्यांवर तिला निजवले. घरापर्यंतची वाट अर्ध्या तासाची. वाटेत तिने मला नकाशा दाखवला. जुन्या पंचांगाचे मागचे कोरे पान, मधे घडीवर फाटलेले, खळ लावून चिकटवलेले. मी इतकी वर्षे समजत होतो की ते पान आईने चुलीत घातले. ते तुमच्याकडे होते. त्यावरचे सातही डोंगर माझ्या हातचे, तुम्ही सांगत होतात आणि मी काजळाच्या शाईने काढत होतो. खापराच्या पायथ्याशी काळी भुई, तिच्यावर एक माणूस, हात वर केलेला. तोही मीच काढला होता. तो तुम्ही होतात.

आता तिथे दोन माणसे आहेत.

दुसरा माणूस थोडा लहान आहे, वाकड्या रेघांचा. पहिल्याचा हात धरून उभा आहे. त्याची शाई निळी आहे, टाकाची. डाव्या हाताने काढलेली रेघ मला ओळखू येते.

कमलने बोट ठेवून मला समजावले; तुम्हाला ती आबा म्हणते. “हा मोठा, तो काका. हे छोटे, ते आबा. वणवा लागला तेव्हा आबा पळाले होते. काका पळाला नाही. त्यानं आबांना धरून आणलं. म्हणून आबांचा हात भाजला.”

भाऊ, इथपर्यंत तुम्ही-तुम्ही करत आलो. पुढचे तसे लिहिता येणार नाही. लहानपणी तुला ‘तू’ म्हणत होतो, त्याच तोंडाने लिहितो.

मी गाडीत तिला सांगितले. छगनच्या देखत सांगितले, मुद्दाम. म्हटले, कमल, गोष्ट उलटी आहे. छोटा तो मी. मी दहा वर्षांचा होतो, तुझे आबा चौदा. होळीची लाकडे आणायला गेलो होतो. आबा काळ्यावर उभे राहिले आणि मला हाका मारत राहिले, मी वाऱ्याबरोबर पळालो. माझ्या सदऱ्याची बाही पेटली. आबा काळी भुई सोडून माझ्यामागे आले, त्यांनी ती बाही उजव्या हाताने चुरगाळून विझवली. आणि मी त्यांचा हात झटकून पुन्हा पळालो. घरी येऊन कणगीमागे लपलो. ते एकटे चालत आले, हात पोटाशी धरून. वडिलांना म्हणाले, कोळशाच्या खड्ड्यात पडलो. माझे नाव घेतले नाही.

एवढे सांगितल्यावर थांबता आले असते. पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे, आणि तुला ती माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तुझे लग्न ठरत होते. गावात कुणी उठवले होते की हात मोहाच्या दारूच्या भट्टीत भाजला. मुलीचे मामा गिरधर आबा मला ओट्यावर घेऊन गेले आणि विचारले, पोरा, तू भाऊ त्याचा, खरे काय ते सांग. मी सतरा वर्षांचा होतो, लहान नव्हतो. खरे सांगायचे तर मी पळालो हे सांगावे लागले असते. मी म्हणालो, ठाऊक नाही. भावालाच ठाऊक नाही म्हटल्यावर ते काय समजायचे ते समजले. सोयरीक मोडली.

त्या संध्याकाळी तू ओरडला नाहीस. एवढेच म्हणालास, “झुल्या, तू आजून पयीच ऱ्हायना.”

मी तसाच पळत राहिलो, आणि त्यानंतर बावीस वर्षे आपण बोललो नाही. आई गेली तेव्हा दहा दिवस एका घरात राहिलो, एका पंगतीत जेवलो, आणि बोललो नाही. वहिनींची वर्षाला दोन कार्डे येतात, तेवढीच आपली बोलाचाल. लोक समजतात, भाऊ रागावला आहे. मीही तसेच समजत होतो, ते सोयीचे होते. तू रागावलेला असलास की मला काही करायला नको. पण तू तर तिकडे पोरीला रोज सांगत होतास की काका पळाला नाही.

कमलने सगळे ऐकून घेतले. पहिला प्रश्न विचारला तो असा, “म्हणजे आबा खोटं बोलले?”

मी म्हणालो, हो.

“आईला सांगू?”

सांग, म्हणालो. छगन पुढे तोंड करून हसत होता, त्याची पाठ हलत होती. तिने नकाशाची घडी घालून तो पिशवीत ठेवला. मग म्हणाली, “असू दे. तरी यावं लागेल. मुराळी रिकामी परत जात नाही.”

हे तिचे खरे आहे. मुराळी परत पाठवणे आपल्यात कुणी करत नाही, आणि मी आधीच खूप गोष्टी न करून बसलो आहे.

तेव्हा आम्ही येतो. कंपाउंडरनी मंगळवारपर्यंत पाय टेकू नका म्हटले आहे, म्हणून बुधवारची पहिली मोटार धरतो, मी, कुंदा आणि कमल. अखजी शुक्रवारी आहे. तोवर वहिनींना धीर धरवत नसेल तर त्यांनी इकडे यावे, छगन शिरपूरला गाडी घेऊन उभा राहील. पण तू येऊ नकोस. तू आलास तर न्यायला आलेली मुराळी ती कसली, असे कमलचे म्हणणे आहे. खापर आणि मांड्याची तयारी वहिनींनी आपल्या बेताने करावी. कुंदाला मांडे पातळ येत नाहीत, ते तिला आधीच सांगून टाकलेले बरे.

एक गोष्ट मला तिथे करू दे. अखजीला तुझ्या ओट्यावर चार माणसे बसतील, जिनातले, शेजारचे, शिरपूरकडचे कुणी आले तर तेही. गिरधर आबा आता नाहीत, पण त्यांच्या घरचे कुणी येत असेल तर जरूर बोलाव. झोके सुरू व्हायच्या आधी मी उभा राहून तुझा हात कशाने भाजला ते सांगणार आहे. माझ्या शाळेत पोरे पाठ म्हणतात तसे, न अडखळता. तू मधे पडू नकोस. ‘जाऊ दे’ म्हणू नकोस. ती सोयरीक मोडली म्हणून तुला वहिनी मिळाल्या, हे तू नक्की म्हणशील आणि ते खरेही आहे, पण ते तू म्हणायचे. मी त्याच्या आड लपायचे नाही.

मंगळवारपासून दोन्ही रात्री मी नीट झोपलो. हे सांगायला नको, पण तुला सांगावेसे वाटले. आज सकाळी कुंदा म्हणाली, दोन रात्री तुम्ही झोपेत दात खाल्ले नाहीत.

नकाशा कमलच्या उशाखाली आहे. मी तो तिला न विचारता काल पुन्हा पाहिला. मला तिथे तू केव्हा उभे केलेस, भाऊ? कमल म्हणते, तिला आठवते तेव्हापासून दोघे आहेत. म्हणजे निदान सात-आठ वर्षे मी तिथे तुझा हात धरून उभा आहे, आणि मला पत्ता नव्हता. उजव्या हाताने तू पुन्हा लेखणी धरली नाहीस. डाव्या हाताने काढलेला तो माणूस थोडा वाकडा आहे, गुडघे बाहेर आलेले, अगदी माझ्यासारखा. त्याला मी हात लावला नाही. फक्त खाली, अगदी लहान अक्षरात, त्याचे नाव लिहिले आहे, म्हणजे कमलला पुन्हा कुणी उलटे सांगू नये.

वहिनींना सांग, पोरीचे पाय बरे आहेत. हे दोनदा लिहिले, ठाऊक आहे.

बुधवारी, पहिल्या मोटारीने.

काळ्या भुईवर उशिरा पोचलेला,
तुझा
झुल्या